दर दोन महिन्यांनी पंपाचं सील जातंय? आधी गेट रजिस्टर उघडा

पंपाच्या फिरत्या शाफ्टभोवती तेल बाहेर येऊ न देणारं सील बदललं की दोन महिने बरे जातात. मग एके दिवशी पंपाखालच्या ट्रेमध्ये पुन्हा पेट्रोलचे थेंब दिसतात. पुन्हा परमिट, पुन्हा पंप उघडणं, पुन्हा नवं सील. आमच्याकडे चौदा महिन्यांत हे सात वेळा झालं. पेट्रोल, नाफ्था किंवा असं कुठलंही हलकं तेल हाताळणाऱ्या पंपावर तुमचंही हेच रडगाणं असेल, तर नव्या सीलची ऑर्डर देण्याआधी हे वाचा. आमचा दोष सीलमध्ये नव्हताच. तो पंप निवडला त्या दिवशीच कागदावर उतरला होता, आणि हे कळायला आम्हाला वर्ष लागलं.

मी मुरगाव तालुक्यातल्या एका पेट्रोलियम साठवण टर्मिनलमध्ये फिरत्या यंत्रांची देखभाल बघतो. गोव्यात तेलशुद्धीकरण कारखाना नाही. आपल्याकडे तेल तयार होऊनच येतं, मुरगाव बंदरात जहाजाने किंवा रस्त्याने टँकरमधून. त्यामुळे आमच्या पंपांचं काम दिसायला सोपं आहे: टाकीतून तेल घ्यायचं आणि गँट्रीवर, म्हणजे टँकर भरण्याच्या फलाटावर, उभ्या टँकरमध्ये भरायचं. गँट्रीवर पेट्रोलचे चार बे, म्हणजे टँकर लावायच्या जागा, आहेत. प्रत्येक बे मिनिटाला 1200 लिटर घेतो, म्हणजे ताशी 72 घनमीटर. या चारही बेंसाठी एकच मोठा सेंट्रिफ्युगल पंप (फिरत्या चाकाने, म्हणजे इम्पेलरने, तेल पुढे फेकणारा), शिवाय तसाच एक स्टँडबाय. डेटाशीटवर ताशी 320 घनमीटर, हेड, म्हणजे पंप तेल जितक्या उंचीपर्यंत ढकलू शकतो ती उंची, 60 मीटर, मोटर 75 किलोवॉटची.

आमचे जुने फिटर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. तिसऱ्या सीलच्या वेळी ट्रेकडे बघत ते कोकणीत म्हणाले, "दनपार जाली की पंप रडटा." दुपार झाली की पंप रडतो. मी ते ऐकून घेतलं आणि चुकीचा अर्थ काढला.

पहिला संशय: ऊन आणि बाष्प

दुपार म्हटल्यावर माझ्या डोक्यात ऊनच आलं. पेट्रोल तापलं, सक्शनमध्येच, म्हणजे पंपात येणाऱ्या पाइपमध्येच, बाष्प होऊ लागलं, सीलच्या एकमेकांवर फिरणाऱ्या दोन तोंडांमधली, म्हणजे फेसमधली, तेलाची पातळ फिल्म उडाली, फेस कोरडे घासले. हे इतकं पटण्यासारखं होतं की दोन महिने मी दुसरा विचारच केला नाही. गणित मात्र मांडलं, आणि शेवटी त्यानेच मला वाचवलं.

पंप तेल ओढत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. टाकीतल्या तेलावरचा हवेचा दाब आणि तेलाची उंची मिळून ते पंपाकडे ढकलतात. वाटेतल्या पाइपचं घर्षण त्यातून वजा होतं, आणि तेलाचा स्वतःचा बाष्पदाबही वजा होतो. उरतं ते एनपीएसएच, म्हणजे पंपाच्या तोंडाशी तेलाचं बाष्प होऊ न देणारा शिल्लक दाब, मीटरमध्ये मोजलेला. आमच्याकडचे आकडे असे. हवेचा दाब 101 किलोपास्कल. पेट्रोल 38 अंशांवर आणि त्याचा बाष्पदाब 60 किलोपास्कल धरला. उरले 41, आणि 0.74 घनतेच्या पेट्रोलच्या हिशेबात ते झाले साधारण 5.7 मीटर. टाकी जवळजवळ रिकामी असताना पंपाच्या मध्यरेषेपासून तेलाची उंची 1.5 मीटर. चारही बे सुरू असताना सक्शन लाइन आणि स्वच्छ स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) मिळून 2 मीटर खातात. म्हणजे हातात राहिले 5.2 मीटर. त्या प्रवाहाला पंपाची मागणी 4.5 मीटर.

हा फरक तोकडाच आहे. त्यातही पंपाच्या कर्व्हवर (प्रवाहाप्रमाणे हेड आणि मागणी दाखवणाऱ्या आलेखावर) छापलेली मागणी हेड 3 टक्के पडतं त्या बिंदूची असते, म्हणजे तिथे कॅव्हिटेशन (तेलात बाष्पाचे बुडबुडे होऊन फुटणं) आधीच सुरू झालेलं असतं. स्ट्रेनर जरा तुंबला की आमचे 70 सेंटिमीटर संपले. (डिझेलला हा त्रास का होत नाही, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर इथेच आहे. डिझेलचा बाष्पदाब नगण्य असतो, त्यामुळे हवेच्या दाबाचे बारा मीटर जवळपास पूर्ण हाताशी येतात. डिझेलवर वर्षानुवर्षं गुमान चाललेला पंप पेट्रोलवर लावला म्हणजे तसाच चालेल, असं धरू नका.)

म्हणून स्ट्रेनर साफ केला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गेज लावले. टाकीची किमान पातळी थोडी वाढवून घेतली. दुपारी सक्शन लाइनवर पाणी मारण्याचाही प्रयोग झाला. सकाळच्या गर्दीत पंपाचा आवाज सुधारला, यात शंका नाही. सील मात्र पुन्हा गेलं, आणि तेही जुलैत. बाहेर धो धो पाऊस, टाकीतलं पेट्रोल 27 अंशांवर, टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. बाष्पाची माझी सगळी गोष्ट त्या दिवशी वाहून गेली.

गेट रजिस्टरने काय सांगितलं

मग मामांचं वाक्य परत आठवलं. ते दुपार म्हणाले होते, ऊन म्हणाले नव्हते.

सातही वेळा गळती पहिल्यांदा कधी दिसली त्याची वेळ लॉगबुकमध्ये होती. त्या तारखांची गेटवरची रजिस्टरं मागवली आणि टँकर कधी आत आले, कधी बाहेर पडले ते शेजारी मांडलं. सात पैकी सहा वेळा गळती एक ते तीनच्या दरम्यान दिसली होती. त्या वेळात गँट्रीवर काय असतं? ड्रायव्हर जेवायला जातात. चारातला एकच बे चालू असतो, आणि एक टँकर भरून निघाल्यावर दुसरा लागेपर्यंत तोही बंद. मोठी मोटर तासात फार वेळा सुरू करायची नसते, म्हणून ऑपरेटर पंप चालूच ठेवतो. त्याची यात काडीची चूक नाही. त्याला तसंच शिकवलेलं होतं.

आता गणिताकडे परत या. पाइपचं घर्षण प्रवाहाच्या वर्गाने बदलतं. एकच बे सुरू असताना प्रवाह चौथाई, म्हणून घर्षण सोळावा हिस्सा: 2 मीटरचे 12-13 सेंटिमीटर. म्हणजे कडक उन्हातसुद्धा हाताशी 7 मीटर एनपीएसएच. सक्शनच्या बाजूने बघितलं तर दुपारी पंप सगळ्यात आरामात असायला हवा होता, आणि सील नेमकं तेव्हाच जात होतं. मी हे फळ्यावर लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

पंपाचा सर्वोत्तम कार्यक्षमतेचा बिंदू, ज्याला आम्ही बीईपी म्हणतो, तो होता ताशी 330 घनमीटरला. पेट्रोलियम उद्योगाच्या सेंट्रिफ्युगल पंपांचं मानक म्हणजे एपीआय 610. ते सांगतं की पंप बीईपीच्या 70 ते 120 टक्क्यांच्या पट्ट्यात चालावा, आणि ठरवलेला प्रवाह 80 ते 110 टक्क्यांत बसावा. आमचा पंप दुपारी चालत होता 22 टक्क्यांवर. त्यातही टँकर भरताना स्थिरविजेची ठिणगी पडू नये म्हणून, पाइपचं तोंड तेलात बुडेपर्यंत वेग सेकंदाला 1 मीटरच्या आत ठेवतात. चार इंची आर्ममध्ये, म्हणजे टँकरमध्ये उतरणाऱ्या भरणीच्या पाइपमध्ये, तो भरतो ताशी 29 घनमीटर. म्हणजे प्रत्येक टँकरची सुरुवात 9 टक्क्यांवर, आणि दोन टँकरांच्या मधली मिनिटं शून्यावर.

इतक्या कमी प्रवाहाला इम्पेलरच्या तोंडाशी तेल उलटं फिरतं. इम्पेलरभोवतीच्या गोल घरातला, म्हणजे व्होल्यूटमधला, दाब सगळीकडे सारखा राहत नाही, तो इम्पेलरला एका बाजूला रेटतो. शाफ्ट वाकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका, पण सीलचे फेस केसाहूनही कमी फटीवर चालतात. त्यांना तेवढं पुरतं.

हातात घेऊन बघितलेल्या दोन गोष्टी

सातवं सील उघडलं तेव्हा मी मामांना म्हटलं, धुऊ नका, आहे तसं द्या. पांढऱ्या कापडावर दोन्ही फेस ठेवले. कार्बनच्या कडा शाबूत होत्या, कुठे टवका नाही, फोड नाही. फेसमधलं तेल सतत बाष्प होऊन उडत असेल तर कार्बनच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या दिसतात. इथे तसं काही नव्हतं. पण समोरच्या सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगवर घासल्याचा जो चकचकीत पट्टा होता, तो कार्बनच्या नाकाडाहून सरळसरळ रुंद होता. व्हर्नियर लावून मोजला, जवळपास दीडपट. फेस जागेवर फिरत नव्हता, भोवऱ्यासारखा झोकांड्या खात होता. वेअर रिंग (इम्पेलर आणि पंपाच्या कवचामधली झिजायची कडी) बघितली तर तीही एकाच बाजूला खाल्लेली. हा पुरावा मागच्या सहाही सीलांवर असणार. आम्ही ती पुसून, खोक्यात भरून परत पाठवली होती. ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

दुसरी गोष्ट केसिंगच्या, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या, तापमानाची. दोन टँकरांच्या मध्ये पंप बंद व्हॉल्व्हवर चालतो तेव्हा मोटरची ताकद जाते कुठे? जाणार कुठे, ती आतल्या तेलालाच घुसळते. आमच्या हिशेबाने त्या अवस्थेत साधारण 28 किलोवॉट खर्च होत होते, आणि आत पेट्रोल जेमतेम 60 लिटर. लोखंडाचं वजन धरूनही मिनिटाला सात-आठ अंश चढावेत. परमिट घेऊन, ज्वलनशील वायूच्या जागी चालणारं प्रमाणित थर्मामीटर लावून मोजलं. अडीच मिनिटांत केसिंग 33 वरून 49 अंशांवर गेलं. मग पुढचा टँकर लागला, थंड पेट्रोल आत आलं आणि काटा खाली आला. पाच-सात मिनिटांचा खोळंबा झाला असता तर आत काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे बाष्पाचा माझा पहिला संशय अगदीच खोटा नव्हता. फक्त ऊन बाहेरचं नव्हतं, पंप ते स्वतः तयार करत होता.

याच काळात एका पुरवठादाराने दुहेरी सील आणि त्या दोन सीलांमध्ये बाहेरून बॅरियर द्रव सोडण्याची व्यवस्था सुचवली होती. बेंझिन किंवा त्याहून घातक द्रवाला ती व्यवस्था हवीच, आणि पेट्रोललाही ती असली तर सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगलीच. पण वाकणाऱ्या शाफ्टवर दुहेरी सील लावलं तर दोन सीलं जातील. आजार तसाच ठेवून औषध महाग करण्याला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे.

मोठा पंप आला कुठून

जुनी फाइल काढली. चार बे गुणिले 72 झाले 288. प्रोजेक्टवाल्यांनी दहा टक्के वाढवले, 317. गोल आकडा म्हणून 320. हेडचंही तसंच: खरी गरज 45 मीटरची, पुढच्या विस्तारासाठी म्हणून 52, आणि परचेसच्या टेबलावरून निघेपर्यंत 60. विक्रेत्याने त्याच्या यादीतला याला पुरणारा पुढचा पंप दिला. प्रत्येकाने आपल्या बाजूने काळजीच घेतली होती. पण चारही बे एकत्र किती वेळ चालतात आणि कमीत कमी प्रवाह किती असतो, हा प्रश्न फाइलमध्ये कुठेच नव्हता. विक्रेत्याच्या डेटाशीटवर मात्र किमान सतत स्थिर प्रवाह 115 घनमीटर असं स्पष्ट छापलेलं होतं. ती ओळ आमच्यापैकी कुणी वाचली नाही.

फाजील हेडही फुकट जात नाही. ते कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये मारावं लागतं, आणि त्याचं वीजबिल रोज भरावं लागतं.

काय केलं

ताबडतोबीचा उपाय म्हणून डिस्चार्जवरून (तेल पंपाबाहेर पडतं त्या बाजूवरून) टाकीत परत जाणारी किमान प्रवाहाची लाइन टाकली. प्रवाह कमी झाला की ती आपोआप उघडते. परतीचं तेल थेट सक्शन पाइपमध्ये सोडण्याची स्वस्त सूचना आली होती, ती ऐकू नका. तेच तापलेलं तेल फिरून पुन्हा पंपात येतं. टाकीतच न्या, आणि सक्शनच्या तोंडापासून लांब सोडा. त्यासोबत पाच मिनिटं कुठलाही बे मागणी करत नसेल तर पंप थांबवायचा, हा टायमर बसवला. या दोन गोष्टींनी आठवं सील अकरा महिने टिकलं.

कायमचा उपाय होता पंप बदलणं. मोठा एक काढून ताशी 150 घनमीटर आणि 48 मीटर हेडचे दोन बसवले, तिसरा स्टँडबाय. बीईपी 155 ला. दोन बे सुरू असले की एकच पंप चालतो, अगदी बीईपीच्या शेजारी. तिसरा बे लागला की दुसरा पंप जोडीला येतो. एकाच बेवर पंप 46 टक्क्यांवर जातो. हे पसंतीच्या पट्ट्याबाहेर आहे, ते मला मान्य आहे; पण विक्रेत्याच्या किमान प्रवाहाच्या वर आहे, आणि त्याखाली गेलं तर परतीची लाइन उघडते. शंभराचे तीन पंप घेतले असते तर दुपार अजून सुधारली असती, पण जागा आणि पाइपिंग बघता दोनच बसत होते. नव्या पंपाची एनपीएसएच मागणी 2.8 मीटर आहे. हाताशी तेच 5.2. आता स्ट्रेनर मीटरभर तुंबला तरी जीव टांगणीला लागत नाही.

इम्पेलर कापण्याचाही विचार झाला होता. त्याने हेड उतरतं, पण पंपाचं आकारमान तेच राहतं. 22 टक्क्यांचे 25 झाले असते. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आमच्यासारख्या ठिकाणी चालतो, कारण गँट्रीवर बहुतेक हेड घर्षणाचंच असतं आणि वेग कमी केला की पंप नव्या कर्व्हवर नीट बसतो. उंच टाकीत चढवायचं असेल तर वेग थोडा उतरताच प्रवाह एकदम पडतो. आणि मोटर फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वायूला पेटवू न देणारी) असेल तर तिचं प्रमाणपत्र व्हीएफडीसह वापरण्याचं आहे का ते आधी बघा. नसेल तर तो विषय तिथेच संपतो.

तुमचा आजार हाच आहे का

सील सकाळच्या गर्दीत, टाकी खाली असताना जात असेल आणि केसिंगमधून खडी फिरल्यासारखा आवाज येत असेल, तर तुमची बाजू सक्शनची आहे. स्ट्रेनरपासून सुरुवात करा, आणि प्लांट सुरू करताना लावलेला तात्पुरता शंकूसारखा स्ट्रेनर पाइपमध्ये तसाच राहिला नाही ना, ते स्पूल (पाइपचा सुटा तुकडा) खोलून बघा. असे विसरलेले स्ट्रेनर निघतात. रिड्यूसरची (पाइप निमुळता करणाऱ्या तुकड्याची) सपाट बाजू वर आहे ना तेही बघा, नाहीतर वरच्या कोपऱ्यात बाष्पाचा कप्पा साठतो. सील पावसाळ्यातच जात असेल तर बेअरिंगचं तेल काचेतून बघा. दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी गेलंय. आधी बेअरिंग जातं आणि मग ते सीलला घेऊन जातं. खाऱ्या वाऱ्यात बेसप्लेट गंजून एक पाय सैल होणं हेही आपल्या किनाऱ्यावर नेहमीचं आहे; एकेक बोल्ट ढिला करून डायल गेजवर पाय किती उचलतो ते बघितलं की कळतं. चवथीच्या सुट्टीनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर स्टँडबाय पंप उभ्या-उभ्या कंपन खात होता का ते पाहा. त्याचा शाफ्ट आठवड्यातून एकदा तरी हाताने फिरवलेला असावा.

फर्नेस ऑइलसारखं जाड तेल असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा. तिथे सेंट्रिफ्युगलचा हट्ट न धरता गिअर किंवा स्क्रू पंप घ्यावा, आणि त्याच्या डिस्चार्जवर रिलीफ व्हॉल्व्ह असल्याशिवाय तो सुरूसुद्धा करू नये. एलपीजीला तर टाकीतला द्रव उकळबिंदूवरच असतो, हवेचा दाब काहीच मदत करत नाही, फक्त उंची कामाला येते. म्हणून तिथे जमिनीत खोल उतरवलेले उभे पंप दिसतात.

पुढची इनक्वायरी पाठवताना आता मी एक पान वेगळं जोडतो. त्यावर जास्तीत जास्त प्रवाह आणि कमीत कमी प्रवाह, दोन्ही असतात, आणि दिवसातले किती तास कुठे चालणार तेही. मे महिन्यातलं सर्वांत गरम तेल आणि त्याचा बाष्पदाब, टाकीची सर्वांत खालची पातळी, तुंबलेल्या स्ट्रेनरसह सक्शनचं घर्षण. मार्जिन कुणी किती धरलं ते एकाच ठिकाणी, एकदाच. विक्रेत्याकडून फक्त ठरलेल्या बिंदूचा कागद घेत नाही, शून्यापासून टोकापर्यंतचा पूर्ण कर्व्ह मागतो, आणि त्यावर आमचा दुपारचा बिंदू लाल पेनने मारून परत पाठवतो.

नवे पंप बसून दीड वर्ष झालं. सुरू केले त्या दिवशीचे सक्शन, डिस्चार्ज, अँपिअर आणि बेअरिंगचं कंपन असे चार आकडे मामांनी प्रत्येक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहेत. दुपारी दीड वाजता ते चक्कर मारतात, दार उघडतात आणि गेजचे काटे त्या आकड्यांशी जुळवून बघतात. दोन्ही पंपांवर अजून पहिलंच सील आहे.